गाठ अजून तेवढीच दिसतेय, मग केमो लागू पडली कशी म्हणायची?

मागच्या अंकात मी एकच वाक्य लिहिलं होतं, की केमो लागू पडतेय की नाही हे काही कॅन्सरमध्ये हल्ली दुसऱ्या सायकलनंतरच, म्हणजे केमोच्या दुसऱ्या फेरीनंतरच, स्कॅनमध्ये कळतं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी न्यूक्लिअर मेडिसिनची डॉक्टर, म्हणजे पेट स्कॅनचे रिपोर्ट लिहिणारी बाई. पेशंटला आमचं तोंड कधी दिसत नाही, कागदाखाली सही तेवढी आमची असते.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे, त्याला हॉजकिन लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) आहे. सहा सायकल सांगितल्यात. दोन झाल्या आणि लगेच पेट स्कॅन करायला लावला. छातीतली गाठ आधी ७ सेंमी होती ती आता ३.१ सेंमी आहे आणि खाली ‘डोव्हिल स्कोअर ३’ असं लिहिलंय. गाठ गेली नाही तरी डॉक्टर खूश, वर म्हणतात चारातलं एक औषध आता बंद करू. आई रडतेय, तिला वाटतंय आम्हाला खर्च झेपणार नाही म्हणून औषध कमी केलं. – एक बहीण, कोल्हापूर

उत्तर: ताई, आधी आईचं रडू थांबवा, कारण तुम्ही जे लिहिलंय ती चांगली बातमी आहे.

सीटीत गाठीचं माप कळतं, पेटमध्ये तिची भूक कळते. कॅन्सरच्या बऱ्याचशा पेशी साखर हावऱ्यासारखी खातात, हे जर्मनीतल्या ओटो वॉरबर्गने १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. आम्ही काय करतो, तर ग्लुकोजसारखंच दिसणारं एक औषध शिरेतून देतो, त्याला एफडीजी म्हणतात आणि त्याला फ्लोरिन-१८ नावाचा किरणोत्सर्गी अणू चिकटवलेला असतो. पेशी ते साखर समजून आत घेते, पचवायला जाते आणि पहिल्याच पायरीवर अडकते, पुढे पचवता येत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही, मग ते तिथेच साठतं आणि स्कॅनमध्ये ती जागा चमकते. केमो लागू पडली की ही भूक आधी मरते, कधीकधी काही दिवसांतच, आणि गाठीचा आकार मात्र सावकाश, आठवड्यांनी महिन्यांनी कमी होतो.

हॉजकिनमध्ये तर अजून एक गंमत आहे. त्या गाठीत खऱ्या कॅन्सरच्या पेशी बहुतेक वेळा शंभरात एखाददुसरीच असते, बाकी सगळी जमलेली गर्दी आणि तंतू. कॅन्सरच्या पेशी मेल्या तरी तो तंतूंचा गोळा राहतो, काही जणांत कायमचा राहतो. चूल विझली म्हणून चुलीचे दगड थोडेच नाहीसे होतात! पूर्वी या उरलेल्या गोळ्यापायी लोकांना उगाच जास्तीची रेडिएशन मिळायची.

आता तो डोव्हिल स्कोअर. डोव्हिल हे फ्रान्समधलं समुद्रकाठचं गाव, तिथे २००९ साली लिम्फोमाचे आणि पेटचे डॉक्टर जमले आणि रिपोर्ट लिहायची एक सारखी पद्धत ठरवली, १ ते ५. पट्टी पेशंटच्या अंगातच असते हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं. गाठ अजिबात चमकत नाही तर १, छातीच्या मधल्या भागातल्या रक्ताएवढी किंवा त्याहून कमी चमकते तर २, रक्तापेक्षा जास्त पण लिव्हरपेक्षा जास्त नाही तर ३, लिव्हरपेक्षा जास्त असेल तर ४, आणि खूपच जास्त किंवा नवीनच कुठे काही उगवलं असेल तर ५. अशा मधल्या स्कॅनमध्ये ३ पर्यंत सहसा ‘निगेटिव्ह’ धरतात. भाऊ पास झालाय.

आणि ते बंद केलेलं औषध, ते ब्लिओमायसिन असणार. ते फुफ्फुसाला त्रास देतं. रॅथल नावाचा एक मोठा अभ्यास २०१६ साली छापून आला, पुढच्या स्टेजच्या हॉजकिनचे १२१४ पेशंट, दोन सायकलनंतर जवळजवळ सगळ्यांचा पेट, आणि ज्यांचा निगेटिव्ह आला त्यातल्या निम्म्यांना चारही औषधं चालू ठेवली, निम्म्यांचं ब्लिओमायसिन काढलं. तीन वर्षांनी आजार न वाढता राहिलेले लोक पहिल्या गटात ८५.७ टक्के, दुसऱ्यात ८४.४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच, आणि फुफ्फुसाचा त्रास दुसऱ्या गटात कमी. म्हणजे तुमच्या भावाचं औषध काढलं ते त्याची फुफ्फुसं वाचवायला. २४ वर्षांचा पोरगा आहे, अजून पन्नास वर्षं त्याला त्याच फुफ्फुसांवर काढायचीयत.

पेट पॉझिटिव्ह आला असता तर उलट औषध वाढवावं लागलं असतं. २००७ मध्ये इटली आणि डेन्मार्कच्या डॉक्टरांनी २६० पेशंटचा हिशोब मांडला होता. दोन सायकलनंतर पेट निगेटिव्ह असलेल्यांपैकी ९५ टक्के लोक दोन वर्षांनी आजार न वाढता होते, पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी फक्त १२.८ टक्के. तेव्हा बहुतेकांना पॉझिटिव्ह येऊनही तीच केमो पुढे चालू ठेवली होती. रॅथलमध्ये अशांना जोरदार केमोवर नेलं तर तीन वर्षांनी ६७.५ टक्के लोक ठीक होते. दोन वेगळे अभ्यास आहेत, पॉझिटिव्ह कशाला म्हणायचं तेही तंतोतंत एक नव्हतं, त्यामुळे आकड्याला आकडा लावून बघू नका, पण सहा सायकल संपायची वाट न बघता दुसऱ्यालाच स्कॅन का करायला लावतात ते यावरून कळेल.

प्रश्न: आमच्या बाबांना डायबेटिस आहे. पहाटे साडेचारला निघून स्कॅनसाठी गेलो तर शुगर २६० निघाली म्हणून परत पाठवलं. एवढं काय बिघडणार होतं? – सांगली

उत्तर: राग समजतो, पण स्कॅन केला असता तर पैसे गेले असते आणि रिपोर्टवर भरवसा ठेवता आला नसता. रक्तात खरी साखर भरलेली असली की गाठीला आमची खोटी साखर घ्यायला जागाच उरत नाही, मग गाठ जिवंत असूनही फिकी दिसते आणि आपण म्हणतो वा, केमो लागू पडली. म्हणून साधारण २०० च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी थांबवतात. तिथल्या तिथे इन्सुलिन टोचून लगेच स्कॅन का केला नाही असंही बरेच जण विचारतात, तर इन्सुलिन सगळी साखर स्नायूंकडे ढकलतं आणि मग चित्रात दंड-मांड्याच चमकतात. मेटफॉर्मिनने आतडी चमकतात, ती गोळी थोडे दिवस थांबवायची का हे शुगरच्या डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने नको.

सहा तास उपाशी म्हणजे उपाशी. मला रोज भेटणारं वाक्य, “मॅडम काहीच खाल्लं नाही, फक्त चहा आणि दोन मारी.” साधं पाणी चालतं, भरपूर प्या. आदल्या दिवशी शेतात राबू नका, जिना-व्यायाम नको, आणि इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं, मोबाईलवर गप्पासुद्धा नकोत, बोललं की स्वरयंत्राचे स्नायू चमकतात. गळ्याच्या पेशंटमध्ये मग आमची पंचाईत होते.

आणि वेळ का पाळायची, तर फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. बाबांचा डोस सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे असे किरणोत्सर्गी अणू बनवणाऱ्या यंत्रात, पहाटे बनलेला, शिशाच्या डब्यातून गाडीने आलेला, तो उद्यासाठी ठेवताच येत नाही. आपल्याकडे हे सगळं सुरू झालं २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन आणि पहिला पेट तिथलाच.

प्रश्न: इंजेक्शन घेऊन घरी आल्यावर नातीला उचलून घेतलं तर चालेल का? – आजोबा, सातारा

उत्तर: त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लांबूनच लाड करा. सकाळी ११ ला इंजेक्शन घेतलं असेल तर रात्री १० पर्यंत सहा वेळा निम्मं होऊन चौसष्टावा भाग उरतो, आणि लघवीवाटे जातं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी सकाळी खुशाल खांद्यावर घ्या.

प्रश्न: आमच्या यांना घशाचा कॅन्सर, तंबाखू होती. केमो आणि रेडिएशन संपून पाच आठवडे झाले. मानेतली गाठ हाताला अजून लागते. दीर म्हणतात आत्ताच पेट करून मोकळं व्हा, डॉक्टर म्हणतात अजून सात आठवडे थांबा. एवढं थांबण्यात पसरलं तर? – जळगाव

उत्तर: वहिनी, इथे डॉक्टरांचं ऐका, दीरांना हा अंक द्या.

साखर काही एकटा कॅन्सरच खात नाही. रेडिएशनने भाजलेल्या जागी साफसफाईला ज्या पांढऱ्या पेशी धावतात त्याही तेवढ्याच हावरेपणाने खातात. लग्नाच्या पंगतीत जेवणारा वराकडचा की वधूकडचा हे ताटाकडे बघून कळतं का? आत्ता पाचव्या आठवड्यात स्कॅन केला तर सगळी मान पेटल्यासारखी दिसेल, रिपोर्टमध्ये मला “आजार असू शकतो, सूज असू शकते” असं लिहावं लागेल, तुमची सात आठवड्यांची झोप जाईल, कदाचित एखादं नको असलेलं ऑपरेशनही होईल. बारा आठवड्यांनी सूज ओसरते.

आणि हा बारा आठवड्यांचा आकडा कुणी असाच ठरवलेला नाही. इंग्लंडात ५६४ पेशंटवर अभ्यास झाला, २०१६ ला छापून आला. निम्म्या लोकांच्या मानेच्या गाठींचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे करायचं, निम्म्यांचा बारा आठवड्यांनी पेट काढायचा आणि गरज दिसली तरच कापायचं. जगण्यात पेटवाले मागे पडले नाहीत, आणि मानेची ऑपरेशनं एका गटात २२१ झाली तर पेटच्या गटात फक्त ५४. मानेचं ते ऑपरेशन झालं की खांदा वर न जाणं, मान आखडणं हे काय असतं ते ज्यांच्या घरात झालंय त्यांना विचारा.

मधल्या काळात डॉक्टर तपासून बघतीलच. गाठ भराभर वाढायला लागली, गिळता येईना, श्वासाला त्रास झाला, रक्त आलं तर बारा आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी जायचं. आणि तंबाखू परत तोंडात गेली नाही ना, हे एवढं तुम्ही बघा.

प्रश्न: वडिलांना जठराजवळची गिस्ट नावाची गाठ आहे, इमॅटिनिबच्या गोळ्या दोन महिने चालू आहेत. सीटी रिपोर्टमध्ये गाठ ८.२ वरून ८.६ सेंमी झालीय आणि शेवटी ‘पार्शल रिस्पॉन्स’ लिहिलंय. वाढलेल्या गाठीला सुधारणा कशी म्हणतात? टायपिंगची चूक आहे का? – मुलगा, ठाणे

उत्तर: चूक नाही. त्याच रिपोर्टमध्ये घनता म्हणून एक आकडा असेल, हाउन्सफील्ड युनिटमध्ये, तो आधीच्या रिपोर्टशी ताडून बघा, बराच उतरलेला असणार.

नेहमीचा नियम रेसिस्ट नावाचा, २००० साली आला, २००९ मध्ये सुधारला. त्यात गाठींच्या मापांची बेरीज ३० टक्क्यांनी कमी झाली तर सुधारणा, २० टक्क्यांनी वाढली तर बिघाड. जुन्या पद्धतीच्या केमोला हे ठीक. पण इमॅटिनिब गिस्टमध्ये वेगळं वागतं, पेशी मरतात पण गाठ आतून पाणचट, जेलीसारखी होते, कधी आत थोडं रक्तही साचतं, आणि त्यामुळे ती आहे तेवढीच राहते किंवा जराशी फुगते. सुरुवातीच्या काळात यामुळे चांगलं चाललेलं औषध बंद होण्याची भीती होती. म्हणून अमेरिकेतल्या एमडी अँडरसनच्या लोकांनी २००७ मध्ये चोई निकष मांडले, आकार १० टक्क्यांनी किंवा घनता १५ टक्क्यांनी कमी झाली तरी औषध लागू पडलं असं धरायचं. तुमच्या वडिलांच्या रेडिओलॉजिस्टने तेच वापरलंय, आणि ज्याने हे लिहिलं त्याला कॉपी न करता डोकं चालवून रिपोर्ट लिहायची सवय दिसतेय, पुढचे स्कॅनही तिथेच करा.

पेटवर तर गिस्टमध्ये पहिल्या गोळीनंतर २४ तासांत चमक उतरलेली बघितली गेलीय. या आजारात इमॅटिनिब मिळालेली पहिली पेशंट फिनलंडची, तिची हकीकत २००१ साली छापून आली तेव्हा पेटचे आधी-नंतरचे फोटो बघून आमच्या क्षेत्रातले सगळे चाट पडले होते. म्हणून प्रत्येकाने पेटच करायला हवा असं नाही, सीटीवर भागतंय तर भागू द्या. एक मात्र लक्षात ठेवा, पाणचट झालेल्या गाठीच्या आत नंतर कधी एखादा नवा घट्ट ठिपका दिसला तर अख्ख्या गाठीचं माप तेवढंच असलं तरी तो दुखणं परत उठल्याचा इशारा असू शकतो.

प्रश्न: मावशीला फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, इम्युनोथेरपीच्या तीन इंजेक्शनांनंतर गाठ वाढली. नेटवर वाचलं की ही खोटी वाढ असते आणि इंजेक्शन चालू ठेवायचं. खरं का? – पुणे

उत्तर: खोटी वाढ असते, पण नेटवर जितकी लोकप्रिय आहे तितकी प्रत्यक्षात नाही. इम्युनोथेरपीने आपल्याच लढाऊ पेशी गाठीत घुसतात, त्यांच्या गर्दीने गाठ मोठी दिसते आणि नंतर उतरते. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये असं शंभरात दहापेक्षाही कमी जणांचं होतं. म्हणजे वाढलेली दिसली तर बहुतेक वेळा ती खरंच वाढलेली असते, हे ऐकायला कडू आहे पण तुमच्यापासून लपवून उपयोग नाही. २०१७ मध्ये यासाठी नियमात बदल केला, पहिल्यांदा वाढ दिसली की तिला ‘अजून पक्की नाही’ म्हणायचं आणि ४ ते ८ आठवड्यांनी परत स्कॅन. पण तेवढं थांबायची मुभा कुणाला, तर ज्याची तब्येत टिकून आहे त्याला. मावशी जेवतायत का, वजन कसं आहे, धाप वाढलीय का, दुखणं वाढलंय का? यात घसरण असेल तर खोट्या वाढीच्या आशेवर दोन महिने घालवू नका.

प्रश्न: आईच्या पेटमध्ये जुन्या सगळ्या गाठी विझल्या पण छातीच्या मध्ये दोन नवीन चमकतायत. डॉक्टर औषध बदलायच्या आधी सुई घालून तुकडा काढायचं म्हणतात. बायोप्सीने कॅन्सर पसरतो ना? – नाशिक

उत्तर: नाही पसरत, ही भीती मनातून काढा. अगदी मोजक्या गाठींना सुई लावताना जपावं लागतं आणि ते डॉक्टरांना ठाऊक असतं. तुमच्या डॉक्टरांना मी मनातल्या मनात नमस्कार केला. जुनं सगळं विझतंय आणि नवीनच कुठेतरी पेटतंय, असं उलटसुलट चित्र दिसलं की आपल्या देशात पहिला संशय टीबीचा. टीबीची गाठ पेटवर हुबेहूब कॅन्सरसारखी चमकते, कितीही वर्षं रिपोर्ट लिहिले तरी नुसत्या चमकेवरून खात्रीने सांगता येत नाही. तुकडा न काढता केमो बदलली आणि निघाला टीबी, तर आधीच कमी झालेली प्रतिकारशक्ती अजून खाली जाणार आणि टीबी मोकाट सुटणार.

असंच अजून एक, केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन पोटावर देतात ना, त्याने सगळ्या हाडांतला मगज चमकतो. ते इंजेक्शन कधी घेतलं ते स्कॅनच्या आधी टेक्निशियनला सांगत जा, नाहीतर “हाडांत पसरलं” म्हणून घरात रडारड.

प्रश्न: मला स्तनाची गाठ आहे, आधी केमो मग ऑपरेशन ठरलंय. पेट झेपत नाही, एमआरआयवर कळेल का? – म्हापसा

उत्तर: तुमच्या बाबतीत एमआरआय चांगलाच उपयोगी आहे. त्यात साखरेचा संबंध नाही, पाण्याचा आहे. गाठीत पेशी दाटीवाटीने असतात तेव्हा त्यांच्यामधल्या पाण्याच्या कणांना हलायला जागा नसते, संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर आपलं होतं तसं. केमोने पेशी मेल्या की गर्दी पांगते, पाणी मोकळं फिरतं, आणि हे गाठ लहान व्हायच्या आधीही दिसू शकतं. रंगाचं इंजेक्शन देऊन गाठीचा रक्तपुरवठा किती उरलाय तेही बघतात.

पण केमो सुरू व्हायच्या आधीचा एमआरआय हवा, नाहीतर ताडून कशाशी बघणार? आणि आधीच एक विचारून घ्या, गाठीत खुणेची धातूची क्लिप बसवणार का. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान असते. केमोने गाठ पूर्ण नाहीशी झाली, जी आपल्याला हवीच आहे, तर सर्जनला नेमकी जागा त्या क्लिपवरूनच सापडते.

प्रश्न: मुलगा न्यूजर्सीला असतो. तो म्हणतो पैशाची काळजी करू नका, दर महिन्याला पेट करा म्हणजे लवकर कळेल. डॉक्टर नाही म्हणतात. कुणाचं ऐकू? – डोंबिवली

उत्तर: काकू, मुलाची माया कळते, लांब राहणाऱ्याला काहीतरी करावंसं वाटतंच. त्याला फोनवर एवढंच विचारा, की या महिन्याचा स्कॅन चांगला आला तर आपण काय बदलणार आणि वाईट आला तर काय बदलणार. दोन्हीचं उत्तर “काही नाही” असेल तर तो स्कॅन फक्त काळजी वाढवायला आहे, आणि प्रत्येक वेळी अंगात जाणारे किरण आहेतच. केमोनंतर आठवड्याभरात केला तर ती वेळही चुकीची, सहसा पुढच्या सायकलच्या अगदी तोंडावर करतात.

त्यापेक्षा जो स्कॅन करायचाय तो धड होऊ दे. शक्यतो त्याच सेंटरमध्ये, त्याच मशीनवर, इंजेक्शननंतर तेवढीच मिनिटं थांबून. रिपोर्टमधला एसयूव्ही, म्हणजे गाठ किती चमकतेय त्याचा आकडा, मशीन बदललं, थांबायची वेळ बदलली, शुगर बदलली तरी हलतो, ६.१ चं ६.८ झालं म्हणून आजार वाढला असं नसतं. आणि येताना जुन्या स्कॅनची सीडी आणा. फिल्म नको, मोबाईलवर काढलेला रिपोर्टचा फोटो नको, सीडी, आणि निघायच्या आधी घरी एकदा कॉम्प्युटरवर लावून उघडतेय का ते बघा, निम्म्या उघडत नाहीत.